गिअरबॉक्सची ओटी

आधी कप खाली ठेवा बरं. मागच्या खेपेस हा किस्सा सांगत होतो, तर ऐकणाऱ्याले मधातच हसू फुटलं अन् सगळा चहा माह्या नव्या सदऱ्यावर! डाग अजून गेला नाही अन् बुढीचं बोलणंही संपलं नाही. रोज मी दुसऱ्याची टोपी उडवतो. आज घ्या, हे माही स्वतःची टोपी. उडवा किती उडवाची ते.

ज्यायले मी माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. पांढरकवड्याच्या अलीकडं हायवे सोडून थोडं आत आलं का आमचं गाव लागते. गावात शिरल्यावर कडुलिंबाखाली एक जुना ट्रक दिसते, अन् ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय माहे. चौथीत मास्तर मले कंटाळले का मी मास्तरले, हे अजून ठरलं नाही, पण शाळा सुटली अन् ट्रक धरला. नागपूर ते हैदराबाद, हैदराबाद ते नागपूर, उभी जिंदगी त्यातच गेली. ट्रकचं नाव मैना. आमची बुढी तिले सवत म्हणते. पण मनानं चांगली हाय हो बुढी. दिवाळीले सवतीलेही आंघोळ घालू देते.

आता मैना झाली म्हातारी. म्हातारीचा दवाखाना घरीच पाह्यजे. म्हणून माह्याजवळ सगळी अवजारं हाय. रिंग पाने, गोटी पाने, टामी, जॅक, चेनपुली. अन् दोन गाड्या, खास माह्या कारागिरीच्या. एक झोपगाडी. फळीखाली जुन्या बेरिंगची चाकं ठोकली, झालं. तिच्यावर उताणं झोपा, टाचेनं रेटा, सुर्रकन ट्रकखाली! दुसरी ओझंगाडी. लोखंडी खाटेचा सांगाडा कापून बनवलेली, बुटकी अन् दणकट. तिच्यावर कितीही वजनी धूड ठेवा, एका हातानं ओढत न्या. बुढी म्हणे, "खाट कापली, आता झोपाचं कुठं?" मी म्हटलं, "झोपगाडी हाय ना!" त्या दिवशी मले जेवण उशिरा भेटलं.

आता दुसरा गडी ऐका. परसराम राठोड, बाजूच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्या-पणज्यायनं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. अन् हा पठ्ठ्या माहे पाने लादून माह्या घरून त्याच्या घरी जाते. बस्स, तेवढाच प्रवास!

"भाऊ, जरा सतराचा पाना द्या. आत्ता आणतो."

परसरामचं 'आत्ता' कोणत्या साली येते, हे पंचांगातही लिहून नाही.

अन् एकटा परसरामच नाही. सोयाबीन काढाचे दिवस आले का गावातला ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटरपंप, सगळे एकाच सकाळी रुसतात अन् सारं गाव माह्या दारात! म्हणून काही वर्षांमागं मी एक शक्कल लढवली. तशी अवजारांची पूजा सगळीकडं दसऱ्याच्या वक्ताले होते. मी काय केलं, घटस्थापनेच्या सकाळीच सगळी अवजारं धुतली, लाल कपड्यावर मांडली, हळदकुंकू वाह्यलं अन् समोर डोळे मिटून बसलो. आलाच परसराम.

"भाऊ, जरा बारा-तेराचा पाना..."

"शूऽऽ! बसले ते."

"कोण बसले?"

"पाने. घटासोबत बसले, आता दसऱ्यालेच उठतील. हैदराबादच्या माह्या उस्तादानं सांगून ठेवलं हाय. मधात जो उठवंन ना, त्याच्या घरचं जे जे फिरते ते ते बंद पडंन."

परसराम उलट्या पावली गेला. उस्ताद? कोणता उस्ताद? हैदराबादेत मी एकालेच ओळखतो, अन् तो बिर्याणी विकते!

गोष्ट तिथंच मिटली असती. पण चक्कीवाल्या देविदासनं ऐकलं नाही. माही पाठ फिरली तसा एक पेचकस उचलून नेला. घरी पोचला नाही तर चक्की बंद! आता खरं पाह्यलं तर त्या टायमाले लोडशेडिंग होती, तालुक्यातल्या साऱ्या चक्क्या बंद होत्या. पण हे गावाले कोण सांगंन? मी? मी कायले सांगू! देविदास दुपारी पेचकस अन् नारळ घेऊन आला. मी गंभीर चेहरा केला अन् दोन्ही ठेवून घेतले.

झालं! तवापासून आमच्या गावात नवरात्रात पाने बसतात. अन् लोकायनं आपापल्या मनानं त्यात भर घातली. कोणी म्हणे बाईनं पदर घेतला पाह्यजे, कोणी म्हणे जॅकले शिऱ्याचा निवद लागते. मी दरवर्षी नऊ दिवस पाय पसरून पडून राहो अन् शिरा खाऊन राहो. जॅक कुठं खाते?

इथपर्यंत हसले ना तुमी? हसून घ्या. आता माही बारी.

मागच्या वर्षी, पोळा झाला अन् मैनाचा क्लच गेला. पोरगा, गजानन, अंगणात येऊन उभा राह्यला. त्याचा स्वतःचा नवा ट्रक हाय, कापूस वाहते.

"बाबा, आता पुरे झालं. भंगारवाल्याशी बोललो मी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्रेन घेऊन येते तो."

"अरे, क्लच प्लेट टाकली का पोरीवानी पळंन ते!"

"मंग पळवा ना. दसऱ्याले मारुतीच्या देवळापर्यंत सोताच्या पायानं गेली तर राहू द्या जिंदगीभर अंगणात. नाही गेली तर मधात बोलाचं नाही."

"चालते!" मी म्हटलं. हसलोही. पण याच मैनाच्या केबिनीत, मायच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळून हा पोट्टा दवाखान्यातून घरी आला होता. अन् हाच आता तिच्यासाठी क्रेन बोलावून राह्यला!

लागलो कामाले. पितृपंधरवडा चालू होता. बुढी म्हणे, आता नवं काम काढू नका. मी म्हटलं, नवं कुठं हाय, सगळं मोडकंच हाय! ट्रकले ओंडके लावले, खाली शिरलो अन् गिअरबॉक्स उतरवला. तो उतरवल्याशिवाय क्लच प्लेटपर्यंत हातच पोचत नाही. ओझंगाडीवर ठेवून ओढत पडवीत आणला. राह्यली फक्त नवी प्लेट. ते आणाले घटस्थापनेच्या सकाळी पांढरकवड्याले गेलतो.

मले वाटलं, यंदा पाने बसवाचे नाही हे बुढीले समजलंच असंन. बुढीले वाटलं, बुढा कामात हाय, यंदा आपणच बसवून टाकू. संसार असाच चालते, नाही का?

परत आलो तर फाटकापासूनच उदबत्तीचा वास. धावतच आत गेलो. पडवीत बायाच बाया. लाल कपड्यावर झाडून सारे पाने, धुतलेले, पुसलेले, कुंकू लावलेले. माह्या झोपगाडीवर घट! टोपल्यात माती, मातीत गहू, वर कलश, बाजूले अखंड दिवा.

अन् ओझंगाडीवर? गिअरबॉक्सले हिरवा खण, गळ्यात झेंडूची माळ, अन् गिअरच्या दांडीत बांगड्या! आमची शेजारीण सखूकाकू त्या गिअरबॉक्सची ओटी भरून राह्यली होती.

"अवं, हे काय करून ठेवलं तू?"

बुढी खुश. "बसवले ना! तुमाले सवड नव्हती म्हून मीच बसवले. अन् घटाले पाट भेटून नव्हता राह्यला, तर हे फळी पाह्यली. सपाट हाय, थोडी उंच हाय, मस्त बसला घट!"

"अन् गिअरबॉक्स कायले?"

"तो मोठा हाय ना सगळ्यायत," सखूकाकू म्हणे. "म्हून तोच देवी."

यावर काय बोलता? सांगा!

मी म्हटलं, घाबराचं काम नाही. ज्यानं नियम बनवला तो मोडूही शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे मिटून पडवीत उभा राह्यलो अन् म्हटलं, "उस्ताद सपनात आले होते. म्हणे, मालकाले माफी हाय. मालक उचलू शकते."

बुढीनं वातीची काजळी झाडली. "देविदासची माय बिमार होती, चक्कीवर गर्दी होती, तवा माफी नव्हती. परसरामचा ट्रॅक्टर नाल्यात फसला होता, तवा माफी नव्हती. आता तुमचं काम निघालं तर उस्ताद सपनात येते? इतका कसा सोयीचा उस्ताद!"

मंग मी शेवटचा डाव टाकला. बाया दुपारी उठून गेल्या अन् बुढी चूल पाहाले आत वळली. तसा वाकलो अन् झेंडूच्या खालून हळूच सतराच्या पान्याले बोट लावलं. फक्त बोट!

वरचा पंखा बंद पडला.

आईशप्पथ! लाइट गेली, दुसरं काय? पण बुढी नेमकी दारात. तिनं पंख्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् असे कान धरले का मलेच भीती वाटली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मालकालेही माफी नाही! देवी लय कडक हाय!

मी वैतागलो. पडवीत उभा राहून ओरडलो, "अवं, हे सगळं खोटं हाय! मीच बनवलं! उस्ताद-बिस्ताद कोणी नाही!"

बायायनं एकमेकींकडं पाह्यलं. मंग सखूकाकू माह्या बुढीले हळूच म्हणे, "कामाच्या ताणानं होते असं."

अन् बुढी मले म्हणे, "जिंदगीभर थापा मारल्या तुमी. एकच गोष्ट खरी सांगतली होती, अन् आता म्हणता तेही खोटी? लाज वाटू द्या!"

हायवेवरच्या गॅरेजात गेलो पाने मागाले. तिथला मिस्त्री हात जोडे. "काका, तुमच्या गावच्या देवीचं ऐकलं हाय. अन् आमच्या गॅरेजात तर सगळं फिरणारंच हाय!"

इकडं देवीचा बोलबाला वाढतच चालला. दुसऱ्या गावाच्या बाया दर्शनाले येऊ लागल्या. एका पोरीनं शिलाई मशीनचा धागा तुटू नये म्हणून नवस बोलला. गजानन रोज ट्रककडं पाहे, पडवीकडं पाहे, अन् मोबाइलवर क्रेनवाल्याशी बोलत बोलत बाहेर जाये. मैना ओंडक्यावर उभी. आतडं बाहेर पडवीत, अन् आतड्याची आरती चालू! नवी क्लच प्लेट माह्या उशाशी. मी कडुलिंबाखाली बसून राहो. कोणी विचारलं, "नानाजी, आज पाय दिसून नाही राह्यले ट्रकखाली?" तर मी पाय पोटाशी घेऊन बसो.

अशात एका सकाळी परसराम आला. डोक्यावर गोणी. गोणी आदळली तर खळ्ळकन आवाज झाला.

"भाऊ, माह्याजवळ पाने हाय."

मी गोणी उपडी केली. आता माहे पाने ओळखू यावे म्हणून मी प्रत्येकाच्या दांड्यावर वेल्डिंगचा ठिपका मारून ठेवतो. पाह्यलं तर ठिपका. दुसऱ्यावर ठिपका. तिसऱ्यावर ठिपका! सतराचा, एकोणीसचा, गोटी पान्याचा आख्खा डबा. अन् ज्या छोट्या जॅकसाठी मी बिचाऱ्या रद्दीवाल्याशी भांडलो होतो, तो जॅक!

"परसराम! हे तर सगळे माहे हाय!"

"मी कवा म्हटलं माहे हाय? मी म्हटलं, माह्याजवळ हाय."

"चोरा!"

"भाऊ, चोर म्हणा नाही तर काही म्हणा. पण मी नेले नसते, तर आज हेही त्या लाल कपड्यावर बसले असते का नाही?"

मी लाल कपड्याकडं पाह्यलं, मंग गोणीकडं.

"बरं दे मंग."

"असे नाही देत." परसराम गोणीवर पाय ठेवून उभा. "मी कसा मागतो? तसं मागा."

इकडं तिकडं पाह्यलं. कोणी नव्हतं. गळा साफ केला अन् म्हटलं, "परसरामभाऊ, जरा सतराचा पाना दे. आत्ता आणतो."

असा हसला हो तो! त्याच्या मिशीतल्या प्रत्येक केसानं माह्याकडून वसुली केली.

पाने तर भेटले. पण गिअरबॉक्स? तो बसला होता खणाची घडी पांघरून. त्याले हात कोण लावंन? परसराम म्हणे, "ते माह्यावर सोडा." अष्टमीच्या दिवशी पडवी बायायनं भरली होती. हा थेट आत गेला, देवीसमोर उभा राह्यला अन् डोळे मिटले. हुबेहूब माही नक्कल!

"मायमाउल्यायनो," तो म्हणे, "देवी उठत नाही, हे खरं हाय. पण बसल्या बसल्या फिरते. नाही तर तिच्या बुडाखाली चाकं कायले दिले असते?"

बाया विचारात पडल्या. चाकं तर होते.

"आज अष्टमी. आज तिले सासरी पोचवाचं असते."

"सासर कुठं तिचं?" सखूकाकूनं विचारलं.

परसरामनं बोट दाखवलं. "थे काय. ट्रकखाली."

मी खांबाले धरून उभा होतो. उभ्या जिंदगीत अशी सफाईदार थाप मी ऐकली नव्हती. माह्या शाळेतलं पोरगं मलेच शिकवून राह्यलं होतं!

अन् मंग जे झालं ते पाहाले पाह्यजे होतं. डफडं आलं. बायायनं पदर खोचले, ओझंगाडीले हात लावला अन् गाणे म्हणत गिअरबॉक्स अंगणातून निघाला. एकही पाना उठला नाही, देवीही उठली नाही. बसल्या बसल्या गडगडत गेली! ट्रकपाशी आल्यावर आमच्या बुढीनं डोळ्याले पदर लावला. "जप गं माय तिले," असं मैनाच्या बंपरले म्हणाली. सवतीले! मी ह्या कानानं ऐकलं.

बाकी काम मंग आमचं. मी अन् परसराम, दोघं गोणपाटावर उताणे, कारण झोपगाडीवर गहू उगवून राह्यले होते. आधी प्लेट बसवली. मंग छोट्या जॅकनं गिअरबॉक्स गाडीवरून वर उचलला, एक एक बोल्ट आवळला. पाठ सोलून निघाली. बुढी वाकून वाकून एकच सांगे, "बांगड्या नका काढू बरं!" नाही काढल्या. आजही मी दुसरा गिअर टाकला का मैना किणकिण वाजते.

दसऱ्याच्या सकाळी सारं गाव रस्त्यावर. किल्ली फिरवली. मैना खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली. गजाननच्या हातात मोबाइल तयार. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं अन् मनातल्या मनात म्हटलं, उस्ताद, कुठं असशील तर पाह्य बाबा! तिसऱ्या खेपेस असा धूर काढला मैनानं का देवळातला मारुती काळा झाला असंन. क्लच दाबला, गिअर टाकला, किण्ण! अन् निघाली! सोताच्या पायानं!

देवळापाशी उतरलो तर गजानन चाकाले हार घालून राह्यला होता. "क्रेनवाल्याले येऊ नको म्हणून सांगतो," म्हणे, अन् नाक पुसत तिकडं तोंड केलं. मायवर गेला पोट्टा.

आता तुमी म्हणान, यात फजिती कुठं हाय? सगळं तर चांगलं झालं! थांबा. कप अजून खालीच राहू द्या.

संध्याकाळी आपट्याचं सोनं घेऊन, बुढीले सोबत घेऊन तांड्यावर गेलो. म्हटलं, सोनं देऊ अन् काम झाल्यावर त्यानं परत नेलेली गोणी उचलून आणू. परसरामच्या दारात पाय ठेवला तर समोर लाल कपडा. लाल कपड्यावर माहे पाने. माहा जॅक. हळद, कुंकू, झेंडू.

"बसले," परसराम म्हणे.

"अरे, दसऱ्याले उठतात ते!"

"तुमच्याकडं उठतात. आमच्याकडं आज बसतात."

"अन् उठतील कवा?"

"पुढच्या दसऱ्याले. उस्तादानं सांगतलं हाय."

"कोणता उस्ताद?"

"तुमीच ना, भाऊ!"

मी हात पुढं केला तर बुढीनं मनगट धरलं. "लावान बरं हात! आपल्या घरी पंखा हाय."

तवापासून हे असं चालू हाय. मले छोटा जॅक लागला, तांड्यावर जातो. सतराचा पाना लागला, तांड्यावर जातो. परसराम आधी नारळ घेते. हो, नारळ! मंग देवीची परवानगी काढते, पान्याले कुंकू लावते अन् उपकार केल्यावानी हातावर ठेवते.

अन् परवा तर कहर झाला. चहाच्या टपरीवर चार लोकायसमोर, मोठ्यानं विचारते, "भाऊ, मागं नेलेला सतराचा पाना अजून आणला नाही तुमी?"

माहा पाना! माह्या ठिपक्याचा! मी असा ताडकन उठलो, बोट वर केलं, तोंड उघडलं...

अन् आठवलं. खरंच नव्हता आणला.

"आत्ता आणतो," म्हटलं, अन् खाली बसलो.